ओल्या शिशाचा दसरा

इथला हिवाळा तारीख बघून येत नाही. दसऱ्याच्या आसपास एखाद्या संध्याकाळी शारजातल्या अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमधला एसी कुणीतरी बंद करतं, आणि उन्हाळाभर कानात घोंघावणारा तो आवाज थांबला की घर क्षणभर परक्याचं वाटतं. मग बाल्कनीचं दार उघडतं. खालून खाडीची दमट हवा येते, कुणाच्या तरी घरातल्या तळलेल्या माशांचा वास येतो, मुलं सायकली घेऊन बाहेर पडतात आणि अख्खी बिल्डिंग एकमेकांना सांगत सुटते की आता वेदर मस्त झालं. सगळ्यांना बरं वाटतं. मला राग येतो. गेली काही वर्षं हवा पालटली की मला आधी राग येतो आणि त्यामागून नाकात मेणाच्या धुराचा वास भरतो.

वितळलेल्या शिशाला स्वतःचा असा वास फारसा नसतो. त्यातली घाण वर यावी म्हणून मेणाचा तुकडा टाकतात, तो भडकतो, आणि वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवल्यावर येतो तसा वास खोलीभर होतो. ही खोली माझी. शहराबाहेर, वाळवंटाच्या कडेला एक शूटिंग क्लब आहे, तिथे मी काडतुसं भरते. हाताने. बंदुकीची दारू आणि ती पेटवणाऱ्या टोप्या कुलपात असतात, मोजून मिळतात आणि मोजून परत जातात. त्या कुलपाची किल्ली माझ्याकडे नाही, आणि माझा स्वभाव बघता ते बरंच आहे. शाळेत असताना कोल्हापुरात एअर रायफल हातात आली ती सुटली नाही. लग्न होऊन इथे आले, बायकांना नेमबाजी शिकवायला म्हणून क्लबात लागले आणि हळूहळू या मागच्या खोलीत रमले. नवरा रुवैसला साइटवर, वीकएंडला तेवढा घरी. मुलगी ईरा तेव्हा आठवीत होती. ती मला बजावायची, "मम्मा, डोन्ट टेल माय फ्रेंड्स यू मेक बुलेट्स. जस्ट से यू वर्क इन स्पोर्ट्स." मी म्हणायचे, बरं बाई.

उन्हाळ्यात क्लब जवळजवळ बंद असतो. तेव्हा आम्ही पुढच्या मोसमासाठी गोळ्या ओतून ठेवतो. त्यातल्या बऱ्याचशा बू हमद यांच्या रिव्हॉल्व्हरसाठी. हे क्लबाचे जुने, वजनदार सभासद; बू हमद म्हणजे हमदचे वडील. इथे वडीलधाऱ्यांना थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची रीत आहे. त्यांचं रिव्हॉल्व्हर तळहाताएवढं, आणि तोंड मात्र असं की करंगळीचं टोक आत जावं. एवढ्याशा हलक्या हत्यारातून एवढी जड गोळी उडवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते हसून म्हणाले, "उख्ती, छोटा है, लेकिन गुस्सा बहुत है. तुम्हारे माफिक." उख्ती म्हणजे बहीण. माझं सगळं बोलणं ते या एका शब्दावर खपवून घेतात.

ते रिव्हॉल्व्हर झाडलं की आवाज कानाआधी छातीत लागतो. मनगट मागे फेकलं जातं, अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलते, नळीतून जाळ बाहेर येतो, आणि समोरच्या जाड पुठ्ठ्याचा नुसता तुकडा उडतो. मला ते आवडतं. शांत, सुसंस्कृत बाईला आवडू नये ते सगळं मला त्यात आवडतं, आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

ज्या वर्षाबद्दल मी सांगतेय, त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण मृणाल एक बॅग घेऊन खलिफा सिटीतून आमच्याकडे आली. अबू धाबीपासून थेट शारजापर्यंत, टॅक्सीने. दार उघडलं तेव्हा तिने डाव्या कानावर ओढणी धरली होती. "काय झालं गं?" मी विचारलं. ती वळून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, जरा या बाजूने बोल." प्रशांतने, तिच्या नवऱ्याने, थोबाडीत मारली होती आणि कानाचा पडदा फाटला होता. कारण काय म्हणाल, तर काहीही. आमटीतलं मीठ, आईचा लांबलेला फोन, पार्किंगचा दंड. त्याआधीच्या वर्षांत कपाटाचं दार लागून काळानिळा झालेला डोळा, बाथरूममध्ये घसरून मुरगळलेलं बोट, हे सगळं आम्ही तिच्याच तोंडून ऐकलं होतं. मृणाल खोटं फार साळसूदपणे बोलायची.

तिला परत जायचं नव्हतं. एवढं एकच तिला पक्कं ठाऊक होतं. पण नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बाईने इथे परत न जाणं सोपं नसतं. प्रशांतचे मेसेज रोज यायचे: व्हिसा कॅन्सल करतो, मग बघू कुठे राहतेस. आणि कोल्हापूरला, आईबाबांच्या घरी जा म्हटलं की मृणालचा चेहरा पांढरा पडायचा. मग स्वतःची नोकरी आणि तिच्यावर स्वतःचा व्हिसा, एवढी एकच वाट उरत होती. मी क्लबच्या मॅनेजरला गाठलं. शांत, नीटनेटका लेबनीज माणूस. त्याने मृणालला माझ्या हाताखाली शिकायची परवानगी दिली आणि नोकरीच्या कागदांबद्दल बोट वर करून म्हणाला, "नो ॲक्सिडेंट्स. ओपनिंग डे, इफ एव्हरीथिंग इज फाइन, आय साइन." मोसम सुरू होण्याचा तो ओपनिंग डे त्या वर्षी दसऱ्यालाच आला होता.

मला वाटलं होतं, ही घाबरेल. मृणाल झुरळाला बघून पलंगावर चढणारी. पण भट्टीपुढे ती अशी उभी राहिली की जणू स्वयंपाकघरातच आहे. पळीने शिसं साच्यात ओतायचं, वरची चमक मावळून ते थिजेपर्यंत थांबायचं, मग साचा उघडून गोळी मऊ फडक्यावर पाडायची. उकडीचे मोदक साच्यातून काढणाऱ्या बाईला यात नवीन ते काय. घाई केली की बिघडतं, एवढंच. मी जन्माची घाईची. माझ्या निम्म्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात आणि पुन्हा भांड्यात जातात. तिच्या एकामागून एक गुळगुळीत निघायच्या, आणि तरी ती प्रत्येक गोळी उजेडात धरून बुडाची कड तपासायची.

"ताई, किती शांत दिसते ना ही," एकदा म्हणाली.

"बू हमदच्या हातात गेली की बघ तिची शांतता," मी म्हटलं.

झाडायला मात्र ती कधीच तयार झाली नाही. मी हात धुऊन मागे लागले होते. "एकदा. फक्त एकदा झाड. समोर प्रशांतचं थोबाड आहे असं समज." ती म्हणायची, "तू समज की. तुला जमतं ते." आणि मी समजायचे. त्या उन्हाळ्यात चाचणीच्या नावाखाली मी जेवढी काडतुसं झाडली, त्यातल्या एकेका गोळीवर त्याचं नाव होतं. दुपारी वाळवंटातून भट्टीसारखी हवा यायची, घामाने मूठ निसटायची, मनगट सुजून टम्म व्हायचं आणि तरी मी थांबायचे नाही. पुठ्ठ्याचा माणूस खांद्यापासून कमरेपर्यंत फाटून लोंबायचा. बू हमद एकदा तो फाटका पुठ्ठा हातात धरून बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "उख्ती, आज किसको मारा?"

"मेरे बहन का मरद," मी म्हटलं.

"मर गया?"

"नहीं ना."

"इन्शाल्ला," ते म्हणाले, आणि मग स्वतःच दचकून दोन्ही कानांना हात लावले.

रेंजवर सगळ्यांच्या कानांवर जाड मफ असतात. सगळे खुणा करतात नाहीतर ओरडतात. मृणालला ती जागा आवडायची. म्हणायची, "इथे बरं वाटतं. इथे सगळ्यांनाच कमी ऐकू येतं." परतताना गाडी मी चालवायचे आणि ती माझ्या उजव्या हाताला बसायची, म्हणजे तिचा फाटका कान माझ्याकडे. शारजाच्या त्या रडतखडत सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये मी प्रशांतच्या सात पिढ्या उद्धरायचे, तिला हिंमत धर म्हणून ओरडायचे, मधूनच कुणावर तरी हॉर्न मारायचे. ती समोर बघत बसायची. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की तिला त्यातलं निम्मंही ऐकू येत नव्हतं आणि त्याचं तिला काडीचंही दुःख नव्हतं.

एक दुपार मला विसरता येत नाही. काडतुसाच्या पुंगळीत गोळी बसवल्यावर पुंगळीची कड आत दाबून गोळी आवळायची असते, ते मी तिला शिकवत होते. साध्या रिव्हॉल्व्हरला इकडेतिकडे थोडं चालतं. बू हमदच्या त्या हलक्या रिव्हॉल्व्हरला चालत नाही. एक गोळी सुटली की ते इतक्या जोरात उसळतं की फिरत्या चकरीत वाट बघत बसलेल्या बाकीच्या गोळ्या आपापल्या पुंगळ्यांतून बाहेर सरकायला लागतात. कड सैल राहिली तर त्यांची टोकं चकरीबाहेर येतात आणि चकरी अडकून बसते. "म्हणून पहिल्या काडतुसाची चिंता करू नकोस," मी म्हटलं, "ते सुटून जातं. सगळ्यात शेवटचं कसं राहिलंय ते बघायचं."

मृणालने काडतुसं भरायच्या यंत्राचा दांडा अर्ध्यावर थांबवला. "बाबा दादाला मारायचे, तेव्हा तू कुठं असायचीस गं?"

आमचे बाबा आमच्या थोरल्या भावाला पट्ट्याने मारायचे. "मी रायफल घेऊन सरावाला गेलेली असायचे," मी म्हटलं.

"मी शेजारच्या खोलीत असायचे. दादा बघ आता, मजेत आहे. आमचे बाबा कडक होते म्हणून हसत सांगतो लोकांना." तिने दांडा खाली दाबला, काडतूस काढून बोटाने कड चाचपली. "प्रशांतनी पहिल्यांदा हात उगारला ना, तेव्हा मला काही नवीन वाटलंच नाही. मी लहानपणी डोळे मिटून घ्यायचे तसे मिटून घेतले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती कुणावर काढावी ते कळेना. बाबा आता म्हातारे झालेत, चहात बिस्किट बुडवून खातात. त्यांच्यावर? दादाच्या हसण्यावर? मी हातातली सांडशी भिंतीवर फेकून मारली. मृणाल जागच्या जागी एवढीशी झाली. तिने डोळे मिटले होते. मी सांडशी उचलली, पुसली, जागेवर ठेवली. त्या दिवसापासून मी घरात दारं हळू लावते. ईराला वाटतं, मम्मा मॅच्युअर झाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांना काम द्यायचं नाही, त्यांची पूजा करायची. कोल्हापुरात आमच्या घरी विळी, अडकित्ता, बाबांची स्कूटर, सगळ्यांना झेंडूची माळ पडायची. क्लबात गाजावाजा नको म्हणून मी आपलं यंत्राला हळदकुंकू लावून मोकळी होत असे. त्या वर्षी मृणाल म्हणाली, मी करते. मी तिला सकाळी सोडलं आणि ईराच्या शाळेतल्या मीटिंगला गेले. दुपारी पोचले तर खोली ओळखू येईना. यंत्र, साचे, पळ्या, सांडश्या, सगळं लखलखीत, सगळ्यांवर हळदकुंकवाची बोटं. कच्च्या शिशाच्या विटासुद्धा तिने ओळीने मांडून प्रत्येकीवर एकेक झेंडूचं फूल ठेवलं होतं. त्या चमकत होत्या. मला वाटलं, फडक्याने घासल्यात.

बू हमद दारातून डोकावले. "माशाल्ला! शादी है क्या?" मृणालने त्यांच्या हातावर पेढा ठेवला. ती त्या दिवशी हसत होती. उद्या सही होणार होती.

न धुता एखादी वस्तू पूजेला मांडायची हे आपल्या बायकांच्या हाताला माहीतच नाही. मृणालने त्या विटा नळाखाली धरून ब्रशने घासल्या होत्या, साबण लावला होता, टॉवेलने कोरड्या केल्या होत्या. गरम शिशाजवळ पाण्याचा थेंब नको, हे मी तिला पहिल्या दिवशी दम देऊन सांगितलं होतं: थेंबाची वाफ होते आणि सगळं शिसं तोंडावर येतं. तिने ते अक्षरशः पाळलं होतं. भट्टीला तिने पाण्याचा हात लावला नाही, कोरड्या फडक्याने पुसली. पण विटा तर थंड होत्या, भट्टीपासून लांब होत्या, आणि सण होता. भंगारातून आलेल्या त्या विटांच्या पोटात बारीक भोकं असतात. पाणी तिथे जाऊन बसलं.

दसऱ्याला सकाळपासून क्लबात गर्दी. बाहेर अरबी कॉफी, खजूर, मुलांच्या हातात फुगे, आणि रेंजवरून एकसारखे बार. बू हमदच्या गोळ्या कमी पडतील म्हणून मृणालने भट्टी लावली होती. चेहऱ्यावर काचेची ढाल, कातडी ॲप्रन, कोपरापर्यंत जाड हातमोजे. मी यंत्रावर होते. तेवढ्यात दार ढकलून प्रशांत आत आला. ओपनिंग डेला पाहुण्यांना मुभा असते, पण या खोलीत नसते. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, भपकन येणारा सेंट, आणि हातात आपट्याची पानं.

"ताई, हॅपी दसरा. मीना बाजारातून मुद्दाम सोनं आणलं."

तोवर मी त्याला प्रशांतराव म्हणत असे. "प्रशांत, बाहेर हो," मी म्हटलं. "इथे यायचं नाही."

त्याने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. पानं टेबलावर ठेवून तो मृणालच्या मागे जाऊन उभा राहिला. "मृणाल, पुरे झालं आता. सणासुदीचं घरी चल. एचआरला सांगून ठेवलंय, एका फोनवर व्हिसा कॅन्सल होतो. करू?" मृणालने सांडशीत शिशाची वीट धरली होती. ती वळली नाही. तो तिच्या डाव्या बाजूला होता.

"ऐकू येत नाही का?" तो ओरडला.

ज्याने कान फोडला त्यानेच हे विचारावं! मी स्टूल पाडून उठले. मृणालला तेवढं मात्र ऐकू आलं असावं, कारण ती म्हणाली, "मागे व्हा. गरम आहे." तो मागे झाला नाही. त्याने तिचं कोपर धरून तिला आपल्याकडे खेचलं, सांडशीला हिसका बसला, आणि वीट वितळलेल्या शिशात धपकन पडली.

बार झाला. मी आयुष्यभर बार ऐकत आलेय, पण भिंतींच्या आत असा कधी ऐकला नाही. भट्टीतून शिशाचा झोत उठून छताला लागला आणि खाली पडला. दिवा फुटला. टेबलावरची आपट्याची पानं जळून काळी झाली. मृणालच्या ढालीवर चांदीसारखा लप्पा चिकटला होता, हातमोज्याच्या वर दंडावर दोन थेंब पडले होते. तिने ते नुसते झटकले. प्रशांतच्या हनुवटीपासून गळ्यापर्यंत शिसं उडालं होतं आणि कुर्त्याला भोकं पडून त्यातून धूर येत होता. इतकी वर्षं मार खाऊन मृणाल कधी ओरडली नव्हती. हा पहिल्या थेंबाला असा ओरडला की बाहेर रेंज थांबली.

आणि मला आनंद झाला. पहिल्यांदा झाला तो आनंदच. भीती वगैरे नंतर आली. तो गुडघ्यांवर बसून किंचाळत होता आणि मी उभी राहून मनात म्हणत होते, अजून. मृणालने मात्र हातमोजे काढून फेकले, त्याला बखोटीला धरून बेसिनकडे ओढलं, त्याची मान नळाखाली धरली आणि गार पाणी सोडलं. कितीतरी वेळ ती तशीच धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती. लागलेलं दूध खरवडताना असतो तसा चेहरा होता. आजही त्या खोलीच्या छतावर शिशाचे ठिपके आहेत. मेंटेनन्सवाले खरवडायला आले होते, मीच नको म्हटलं.

क्लबाच्या नर्सने त्याला पट्ट्या बांधल्या. जखमा खोल होत्या, पण लहान होत्या. तोवर मृणाल खोलीत परत आली होती. तिने उरलेल्यांतली एक वीट उचलली, उलटी केली, हलवली. भोकातून एक थेंब तिच्या तळहातावर पडला.

"ताई," ती म्हणाली, "काल मी ह्या धुतल्या."

"गप्प बस," मी दातओठ खात म्हटलं. "एक शब्द कुणाला बोलू नकोस."

मॅनेजर सगळ्यांना एकेक करून बोलावणार होता. त्याच्या खोलीबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आम्ही उभ्या होतो, तिथे प्रशांत आला. गळ्याभोवती पट्टी, आवाज घोगरा, डोळ्यांत मात्र जुनी हुशारी परत आलेली. हळू आवाजात म्हणाला, "मला विचारतील काय झालं. तू आज घरी येणार असशील तर मी सांगेन, अपघात. नाहीतर सांगेन, तू माझ्या अंगावर शिसं ओतलंस. केस होईल. इथली केस काय असते माहितेय ना?"

मी त्याच्या अंगावर गेले. खरोखर गेले, बू हमदनी मध्ये हात घातला म्हणून तो वाचला. म्हाताऱ्याला मराठी कळत नव्हतं, पण बाकी सगळं कळलं होतं. ते आम्हा दोघींना बाजूला घेऊन म्हणाले, "सुनो. मैं मॅनेजर को बोलेगा, शिसा खराब था. कंपनी का गलती. खलास." माझे डोळे भरून आले. बू हमदचा शब्द मॅनेजर टाळणार नव्हता. नोकरी राहिली असती, व्हिसा झाला असता, प्रशांतची धमकी हवेत गेली असती. मी शुक्रन, शुक्रन म्हणत होते आणि मृणाल मान हलवत होती.

"नको, ताई."

"अगं वेडी आहेस का?"

"ह्यांचं खोटं इतकी वर्षं मी सांभाळलं. कपाट, बाथरूम, दार. आता ह्या बिचाऱ्यांचंही सांभाळू? आणि उद्या कुणी विचारलं तर परत डोळे मिटून घेऊ?" तिने बू हमदकडे बघून हात जोडले आणि सरळ मॅनेजरच्या खोलीत गेली. मी तिच्यामागून दारापर्यंत पोचले.

"सर, आय वॉश्ड द लेड यस्टरडे. फॉर पूजा. वॉटर वॉज इनसाइड," ती म्हणत होती. "माय हजबंड पुल्ड माय हँड, दॅट इज ऑल्सो ट्रू. बट द वॉटर वॉज माय मिस्टेक." तिने ओली वीट त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने चष्मा काढला, डोळे चोळले. "यू अंडरस्टँड, आय कॅनॉट साइन नाऊ."

"येस, सर."

पुढचं सगळं भराभर झालं. व्हिसा गेला, तिकीट काढलं, ईरा विमानतळावर "मावशी, डोन्ट गो" म्हणून हमसून रडली. प्रशांतने तक्रार केली नाही, कारण सांगण्यासारखं त्याच्याकडे काही राहिलंच नव्हतं. मृणाल बाबांच्या घरी गेली नाही. कोल्हापुरात तिने एक खोली घेतली, आणि आज ती एका ओतकामाच्या कारखान्यात माल तपासायला आहे. तिथले लोक म्हणे तिला टरकून असतात. मला अभिमान वाटतो आणि रागही येतो. तिला इथे ठेवता आलं नाही याचा राग अजून गेलेला नाही. पण हवा पालटली की माझं मन कोल्हापूरला जात नाही, त्या कॉरिडॉरमध्ये जातं.

मॅनेजरच्या खोलीतून ती बाहेर आली तेव्हा प्रशांत भिंतीला टेकून उभा होता. "काय म्हणाला?" त्याने विचारलं.

"काम गेलं," मृणाल म्हणाली.

पट्टीच्या वर त्याचं तोंड हसलं. "मग? आता कुठंच जागा नाही तुला. चल घरी."

"कुठंच जागा नाही म्हणून तुमच्याकडे येऊ?"

ती हे ओरडून बोलली नाही, पण कॉफीचे कप घेऊन उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. प्रशांतच्या मानेच्या शिरा पट्टीखालून फुगल्या. त्याचा उजवा हात वर गेला, पूर्ण वर, सगळ्यांदेखत. मी बू हमदना ढकलून पुढे झाले, पण मला मध्ये पडावं लागलं नाही. मृणालचे डोळे उघडे होते. ती मागे सरली नाही, पुढेही आली नाही. सरळ त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, आणि वर गेलेल्या त्या हाताचं पुढे काय करायचं ते त्याला सुचेना. शेवटी त्याने तो डोक्यावरून फिरवला आणि केस सारखे केले. मृणाल बघतच होती.